सोसायटीच्या बागेत डंख मारणाऱ्या लाल मुंग्या: ओळखायच्या कशा, घालवायच्या कशा?

मृदुला_नेरुळ | ६ ऑक्टोबर, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. काल आमच्या सोसायटीच्या बागेत भोंडला होता. पाटावर हत्ती काढून मधोमध ठेवला, मुलींनी फेर धरला, आणि दुसऱ्याच गाण्याला तिघीजणी किंचाळत बाहेर पळाल्या. पायांवर मुंग्या चढल्या होत्या. नेहमीच्या चावून सोडणाऱ्या नव्हेत. माझ्या भाचीच्या घोट्यावर आठ-दहा गांधी उठल्यात, आज दिवसभर ती खाजवतेय. शेवटी खिरापत लिफ्टपाशी उभ्या उभ्या वाटली.

मला धास्ती वाटायचं कारण वेगळं आहे. लेकीच्या बाळंतपणासाठी मी चार महिने हवाईत, हिलोला राहून आले. तिथे लिटल फायर अँट नावाची मुंगी आहे. जेमतेम दीड मिलिमीटर, राजगिऱ्याच्या दाण्याहून जराशी लांब, सोनेरी तपकिरी. ती जमिनीत राहते तशी झाडावरही राहते. वाऱ्याने फांदी हलली की खालच्या माणसाच्या मानेवर पडते, कॉलरच्या आत शिरते आणि तिथे डंख मारते. लेकीच्या परसात लिचीचं भरलेलं झाड आहे, पण त्याच्या सावलीत कोणी खुर्ची टाकत नाही. शेजारच्या मांजराची बुबुळं धुरकट झाली होती. हवाईत ही मुंगी १९९९ साली पुना भागात पहिल्यांदा सापडली आणि पुढे नर्सरीतल्या कुंड्यांबरोबर बेटभर पसरली, असं लेकीच्या शेजाऱ्यांनी सांगितलं.

आमच्या बागेतही ऑगस्टमध्ये चाळीस कुंड्या आणि टेम्पोभर लाल माती आली. भोंडल्याची जागा त्याच वाफ्याला लागून आहे. कमिटी या आठवड्यात पावडर मारू म्हणतेय. त्याने खरंच जातात का? आणि ही कोणती मुंगी, हे घरच्या घरी कळेल का? ठाण्यात, नवी मुंबईत आणखी कोणाला हा अनुभव आलाय का?

घोडबंदरकर | ६ ऑक्टोबर, रात्री १०:३१

उकळतं पाणी ओता बिळात. दोन दिवस लागोपाठ. आमच्याकडे हेच करतात.

जोशीकाका_नौपाडा | ६ ऑक्टोबर, रात्री ११:०५

मृदुलाताई, पावडर मारायच्या आधी आमची गोष्ट ऐका. आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर बारीक पिवळट मुंग्या झाल्या. डंख वगैरे नाही, पण साखर, तूप, देवापुढचा नैवेद्य, काही सोडायच्या नाहीत. पेस्ट कंट्रोलवाल्याने सगळीकडे फवारणी केली. आठ दिवस शांत. मग चौथ्या मजल्यावर, तळमजल्यावर, आणि आमच्या सौ.च्या पाठदुखीच्या तेलाच्या बाटलीतसुद्धा! एका घरातल्या मुंग्या सहा घरांत गेल्या. परत बोलावलं, परत फवारलं, तर डक्टमधून शेजारच्या विंगमध्ये. दोन वर्षं हा खेळ चालला. पैसे गेले ते गेलेच, आमच्या नातीला त्या वासाने खोकला लागला त्याचं जास्त वाईट वाटतं.

अनघा_ऐरोली | ७ ऑक्टोबर, सकाळी ७:४८

काका, तुमच्याकडच्या त्या बहुतेक फेरो मुंग्या. त्यांच्या एका वसाहतीत अनेक राण्या असतात. फवाऱ्याचा वास लागला की वसाहत फुटते. एकेक राणी थोड्या कामकरी मुंग्या आणि अंडी-अळ्या घेऊन वेगळा संसार थाटते. म्हणून एकाच्या सहा झाल्या.

मी कीटकशास्त्रात एम.एस्सी. केलंय, तेव्हा थोडं सविस्तर लिहिते. बाहेर फिरणाऱ्या मुंग्या म्हणजे वसाहतीतला छोटा हिस्सा. राणी आत, खोलात. पावडर, फवारा, खडूची रेघ, सगळं बाहेरच्यांना लागतं. राणी अंडी घालतच राहते. घोडबंदरकरांच्या उकळत्या पाण्याचंही तेच. वरच्या थरातल्या मरतात, शेजारच्या रोपाची मुळं शिजतात, आणि राणी वाचली तर महिन्याभरात वारूळ हातभर पलीकडे निघतं.

मृदुलाताई, तुमच्या लिटल फायर अँटची राणी तर विलक्षण आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं की या जातीत नव्या राण्या हुबेहूब आईच्या नकला असतात आणि नर हुबेहूब बापाच्या. फक्त कामकरी मुंग्या दोघांच्या मिळून होतात. सख्ख्या भावा-बहिणींचा जोडा लागला तरी वंश बिघडत नाही, त्यामुळे एका कुंडीतून गेलेल्या एका राणीवर अख्खं बेट व्यापता येतं. शिवाय नव्या मुलखात त्यांच्या वसाहती आपसात भांडत नाहीत. आपल्याकडच्या दोन वारुळांतल्या मुंग्या समोरासमोर आल्या की जुंपते. तिथे या झाडापासून त्या झाडापर्यंत सगळं एकच कुटुंब.

पण ताई, तुमच्या बागेत तीच आहे असं आत्ताच धरू नका. आधी पकडून बघू. कृपा करून पावडर थांबवा.

बेलापूरचा_बाळू | ७ ऑक्टोबर, सकाळी ९:२०

मला एक कळत नाही. हवाई कुठे, नेरुळ कुठे. ती बेटं आहेत, तिथे बाहेरचं काही आलं की गोंधळ होणारच. आपल्याकडे शेकडो जातींच्या मुंग्या आधीपासून नांदतायत. एखादी नवी आली तर त्या तिला बघून घेतील. एवढं घाबरायचं कशाला? लाल मुंग्या आमच्या लहानपणीही चावायच्या, आम्ही चुना लावायचो आणि परत खेळायला जायचो.

प्रथमेश_उरण | ७ ऑक्टोबर, दुपारी १:१५

बाळूभाऊ, मी न्हावा-शेव्याला कंटेनरच्या कामात आहे, चौदा वर्षं झाली. हवाई तुम्ही समजता तितकं लांब नाही. कंटेनरखालच्या लाकडी पॅलेटवर गव्हाच्या कणसासारखा एक शिक्का असतो, तो कधी बघा. त्याचा अर्थ ते लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलंय किंवा धुरी दिलीय. हा नियम जगभर आहे, कारण लाकडातून कीड प्रवास करते. परदेशातून माती आणायला आपल्याकडे बंदीच आहे. रोपं आणायची तर कागद लागतात, विलगीकरणाचे अधिकारी तपासतात.

तरी लोखंडी कंटेनरच्या तळाला खाचेत चिखल अडकलेला असतो, तो मी डोळ्यांनी बघतो. एकदा एका रिकाम्या कंटेनरच्या कोपऱ्यात पुठ्ठ्याखाली मुंग्यांचं अख्खं बिऱ्हाड होतं. पांढरी अंडी तोंडात धरून इकडून तिकडे धावत होत्या. कुठल्या होत्या देव जाणे, आम्ही लगेच कळवलं आणि कंटेनर बाजूला काढला. त्या दिवसापासून मी वाकून बघितल्याशिवाय दार लावत नाही.

केतकी_कोपरी | ७ ऑक्टोबर, दुपारी १:४०

आणि बाळूदादा, बेटाचं म्हणाल तर ठाणे बेटावरच आहे की! साष्टी बेट. एका बाजूला ठाण्याची खाडी, वर उल्हास नदी आणि वसईची खाडी. मी कोपरीची, म्हणजे बेटावरची. तुम्ही बेलापूरकर तेवढे मुख्य भूमीवरचे.

बेलापूरचा_बाळू | ७ ऑक्टोबर, दुपारी १:५२

बरं बाई. मग बेटावरच्या मुंग्यांना इंग्रजीतलं ‘बेट’, म्हणजे आमिष, घालायचं म्हणजे बेटाला बेट झालं. 😀

सावंत_कळवा | ७ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:३०

आमच्या मालवणात झाडावर पानं शिवून घर करणारे लाल हुमले असत. आंबे काढायला चढलं की अंगभर. आजोबा अंगाला राख फासून चढायचे. तेच का हे? तेही झाडावरून मानेवर पडतात.

शिरीष_येऊर | ७ ऑक्टोबर, रात्री ८:०२

सावंतसाहेब, नाही, ते वेगळे. तुमचे हुमले, काही ठिकाणी त्यांना ओंबील म्हणतात. ते डंख मारत नाहीत. जबड्याने चावतात आणि त्या जखमेवर आम्ल सोडतात, म्हणून आग होते. येऊरच्या वाटेवर जांभळाच्या, आंब्याच्या झाडांवर त्यांची पानांची घरं कितीतरी दिसतात. एक मुंगी आपल्याच अळीला तोंडात धरते, अळीच्या तोंडातून रेशीम निघतं, त्या धाग्याने दोन पानं शिवतात. मी एकदा पाऊण तास उभा राहून बघत होतो. चार-पाच जणी एकमेकींची कंबर धरून साखळी करतात, पान ओढतात, आणि मग शिवणारी येते.

आणि विनंती आहे, इथली चर्चा वाचून कोणी त्यांच्यामागे लागू नका. त्या इथल्याच आहेत आणि फळझाडांवरची कीड खातात. चीनमध्ये इ.स. ३०४च्या सुमाराच्या लिखाणात संत्र्यांच्या बागेसाठी या मुंग्यांची घरटी बाजारात विकली जात असल्याची नोंद आहे. ओडिशात मयूरभंजला त्यांची चटणी करतात, तिला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. ‘लाल दिसली की मार’ असं सुरू झालं तर पहिल्या याच जातील.

प्रज्ञा_केर्न्स | ८ ऑक्टोबर, पहाटे ५:१०

मूळची डोंबिवलीची, आता ऑस्ट्रेलियात केर्न्सला. मृदुलाताईंची मुंगी आमच्याकडे २००६ साली स्मिथफील्ड या उपनगरात सापडली. इथे तिला इलेक्ट्रिक अँट म्हणतात. न्यू कॅलेडोनियात फ्रेंच बोलणारे लोकही तेच म्हणतात, कारण डंख शॉक लागल्यासारखा असतो. तिथे ती १९७२ साली आढळली, ताहितीत २००४ साली.

इथे सरकार ही गोष्ट फार मनावर घेतं. संशय आला तर २४ तासांत कळवायचं, असा कायदा आहे. कळवलं म्हणून दंड होत नाही, लपवलं तर होतो. ज्या भागात मुंगी सापडली तिथून माती, कुंड्या, पालापाचोळा हलवायला बंधनं. वास घेऊन मुंगी शोधणारे शिकवलेले कुत्रेसुद्धा आहेत. आमच्या रस्त्यावर एकदा तपासणी झाली, तेव्हा एक काळा लॅब्रॉडर आमच्या अंगणातल्या कढीलिंबाभोवती हुंगत फिरला. माझा जीव टांगणीला! तो कढीलिंब मी बियाण्यापासून वाढवलाय. नाही निघालं काही.

घरच्या घरी तपासायचं तर हवाईतली पद्धत सोपी आहे. काडीच्या टोकाला शेंगदाण्याच्या लोण्याचा पातळ हात फिरवायचा. ओलसर सावलीत, कुंडीच्या बुडाशी, झाडाच्या बेचक्यात ठेवायची. साधारण तासाभराने काडी अलगद पिशवीत टाकून तोंड बंद करायचं आणि रात्रभर फ्रीझरमध्ये. मग निवांत भिंगातून बघा. भर उन्हात किंवा पावसात करू नका, तेव्हा त्या बाहेर पडत नाहीत.

बेलापूरचा_बाळू | ८ ऑक्टोबर, सकाळी १०:०५

प्रज्ञाताई, माहिती चांगली आहे. पण माझा मुद्दा राहतोच. इथे माणसाला त्रास होतो एवढंच ना? त्यासाठी एवढी यंत्रणा?

शिरीष_येऊर | ८ ऑक्टोबर, सकाळी ११:३०

माणसाच्या त्रासाने सुरू होतं, बाळूभाऊ, तिथे संपत नाही. ख्रिसमस बेटाचं उदाहरण सांगतो. हिंदी महासागरात, जावाच्या दक्षिणेला. तिथले लाल खेकडे हे त्या जंगलाचे माळी. पाला खातात, रोपं खुडतात, जमीन मोकळी ठेवतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे येलो क्रेझी अँट पोचली. ही डंख मारत नाही, आम्ल फवारते. कित्येक वर्षं गप्प होती. १९८९ साली तिची पहिली महावसाहत दिसली आणि मग मैलोन्‌मैल जमिनीवर मुंगीशिवाय काही दिसेना. खेकड्यांच्या डोळ्यांत, सांध्यांत आम्ल गेलं, कोट्यवधींनी मेले. खेकडे गेले तसं खालचं रान माजलं, झाडांवर काळी बुरशी आली.

बुरशी का आली, तर खवले कीड. ती झाडाचा रस पिऊन गोड द्रव टाकते, मुंग्या तो पितात आणि बदल्यात किडीची राखण करतात. दोघी एकमेकींना वाढवतात. तुमच्या गॅलरीतल्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आणि मुंग्या एकत्र दिसतात ना, तोच व्यवहार. तिथे हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकलं, उपयोग झाला, पण दर काही वर्षांनी पुन्हा टाकावं लागे. शेवटी डिसेंबर २०१६मध्ये मलेशियातून एक दोन मिलिमीटरची गांधीलमाशी आणून सोडली. ती मुंगीला हातही लावत नाही, त्या खवले किडीत अंडी घालते. मुंगीची खानावळच बंद.

आणि ही मुंगी आपल्याकडेही आहे बरं. २०२२ साली तामिळनाडूत दिंडिगल जिल्ह्यात करंदमलैच्या पायथ्याच्या गावांत हिनेच गुराढोरांना आणि माणसांना हैराण केलं होतं. तेव्हा मुख्य भूमीवर आहोत म्हणून सुटलो असं नाही.

बेलापूरचा_बाळू | ८ ऑक्टोबर, दुपारी १२:१०

दिंडिगलचं माहीत नव्हतं. मागे घेतो.

पशुवैद्य_कळंबोली | ८ ऑक्टोबर, रात्री ९:४५

मांजराच्या बुबुळाबद्दल. लिटल फायर अँट जिथे जिथे पोचली तिथे कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यांवर ढगाळ डाग दिसलेत. डोळ्यावर डंख बसतो, त्याचा हा परिणाम मानतात. इथे कोणाच्या प्राण्याच्या डोळ्यात धुरकटपणा दिसला तर लगेच मुंगी म्हणू नका, कारणं दहा असतात, पण दाखवा जरूर. आणि प्राण्याचं खाणं जमिनीवर रात्रभर उघडं ठेवू नका. मुंग्यांची पहिली रांग तिथेच लागते. ताटली पाण्याच्या परातीत ठेवा.

वैशाली_वर्तकनगर | ८ ऑक्टोबर, रात्री १०:२०

मृदुलाताई, भाचीला कसं आहे आता? माझ्या धाकट्याला गेल्या वर्षी मैदानात लाल मुंग्या डसल्या. अर्ध्या तासात ओठ सुजले, श्वास घरघरायला लागला. रिक्षा करून दवाखान्यात नेलं, इंजेक्शन दिलं, तासाभराने सावरला. डॉक्टर म्हणाले अजून उशीर केला असता तर अवघड होतं. तेव्हापासून माझे हात मुंगी बघूनच थरथरतात. कृपा करून सगळ्यांनी लक्षात ठेवा, नुसती गांध आणि खाज असेल तर साबणाने धुवा, बर्फ लावा, खाजवू देऊ नका. पण ओठ-जीभ सुजली, धाप लागली, चक्कर आली, तर चुना, हळद काही करत बसू नका. सरळ दवाखाना.

मृदुला_नेरुळ | ९ ऑक्टोबर, सकाळी ११:३५

वैशाली, भाची बरी आहे, गांधी बसल्या. तुमचं वाचून अंगावर काटा आला. तुमची पोस्ट आमच्या ग्रुपवर टाकली.

काडीचा प्रयोग केला! शेंगदाण्याचं लोणी नव्हतं, म्हणून दाण्याचं कूट थोड्या तेलात खलून आइस्क्रीमच्या काड्यांना लावलं. सकाळी साडेसातला बागेत बारा काड्या ठेवल्या, वॉचमनकाका आणि दोन मुली मदतीला. साडेआठला नऊ काड्या रिकाम्या, एकीवर काळ्या मुंग्या, आणि नव्या वाफ्यातल्या दोन काड्या लालेलाल. इतक्या की कूट दिसेना.

रात्रभर थांबायला धीर नव्हता, दोन तासांनीच फ्रीझरमधून काढल्या आणि पांढऱ्या बशीत ओतून यजमानांच्या भिंगाखाली बघितल्या. सगळ्या एका मापाच्या नाहीत. काही अगदी बारीक, काही तिप्पट मोठ्या. मोठ्यांची डोकी अंगाच्या मानाने केवढी तरी, आणि डोक्याला मधोमध खाच, बदामासारखी. वाफ्याच्या कडेला भुसभुशीत मातीचा ढीग आहे आणि त्याच्या तोंडाशी गवताच्या बियांची टरफलं साचलीत. अनघा, काय म्हणशील?

अनघा_ऐरोली | ९ ऑक्टोबर, दुपारी ३:०५

ताई, किती नेमकं बघितलंत! मग ही हिलोची मुंगी नाही. त्या सगळ्या एका मापाच्या असतात. तुमच्या वर्णनावरून ही उष्ण कटिबंधातली आगमुंगी वाटते, शास्त्रीय नाव सोलेनॉप्सिस जेमिनाटा. मोठ्या डोक्यात जबड्याचे स्नायू असतात, बिया दळायला. टरफलं त्याचीच. फोटो पाठवा, मी आमच्या सरांना दाखवते.

पण हीसुद्धा मूळची इथली नाही. तिचं घर मध्य अमेरिकेकडे. जनुकांचा माग काढल्यावर २०१५ साली दिसलं की ती सोळाव्या शतकात स्पॅनिश गलबतांवरून मेक्सिकोतल्या आकापुल्कोहून मनिलाला आली आणि तिथून जगभर गेली. गलबतं जड करायला तळाशी माती भरत आणि बंदरात उपसून टाकत. त्या मातीतून. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीचा टेम्पो आणि लाल माती.

डंखाचंही सांगते. ती आधी जबड्याने कातडी घट्ट पकडते, मग पोट खाली वाकवून नांगी रोवते. पकड न सोडता गोल फिरत पुन्हा पुन्हा टोचते. म्हणून गांधी अर्धगोलात येतात. झटकून पडत नाही, चिमटीत धरून काढावी लागते.

आता उपाय. आमिष वापरा, आणि ते मंद विषाचं हवं. वाहून नेणारी मुंगी वाटेतच मेली तर उपयोग शून्य. पूर्ण वाढ झालेल्या कुठल्याही मुंगीला घट्ट अन्न गिळता येत नाही. त्या ते वसाहतीत नेऊन मोठ्या अळ्यांना देतात, अळ्या पचवून पातळ करतात, आणि मग ते तोंडातोंडी राणीपर्यंत जातं. सगळा खेळ त्या वाटपाचा आहे. या मुंगीला तेलकट आमिष आवडतं, घरातल्या गोडखाऊ मुंग्यांना साखरपाण्यात साधारण १ टक्का बोरिक ॲसिड चालतं. जास्त घातलं की त्या तोंड लावत नाहीत किंवा लगेच मरतात. जोशीकाका, तुमच्यासाठी हे.

जमीन कोरडी हवी, पुढचा दिवसभर पाऊस नको, संध्याकाळी टाका. ढिगावर ओतू नका, भोवती पसरा, त्यांना सापडलं पाहिजे. आणि जवळपास फवारा, फिनेल काही नको. परवाना असलेल्या माणसाकडून मुंग्यांसाठीचंच आमिष घ्या, पाकिटावरचं प्रमाण पाळा.

माती_आणि_मी | ९ ऑक्टोबर, संध्याकाळी ५:५०

मी गेली नऊ वर्षं गच्चीवर विषमुक्त बाग करते. शेवटी सगळे विषावरच येता याचं वाईट वाटतं. लिंबोळी पेंड घाला, वाफा ओला ठेवा, जातील दुसरीकडे.

अनघा_ऐरोली | ९ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:४०

ताई, तुमची कळकळ पटते. पण ‘दुसरीकडे’ म्हणजे शेजारच्या झोपाळ्याखाली. अमेरिकेत १९५७पासून दुसऱ्या एका आगमुंगीवर विमानातून जहाल कीटकनाशकं टाकली. पक्षी, मासे मेले, मुंगी तशीच राहिली. तो धडा मोलाचा आहे. म्हणूनच चमचाभर आमिष आणि पोतंभर पावडर यांत मी फरक करते. गालापागोसमधल्या मार्चेना बेटावर २००१च्या सुमारास साधारण वीस हेक्टरांवरून लिटल फायर अँट पुरती काढली, तीही आमिषानेच. आणि नंतर शेंगदाण्याचं लोणी लावलेल्या काड्यांची रांगच्या रांग लावून वर्षानुवर्षं तपासत राहिले.

माती_आणि_मी | ९ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:१५

तपासत राहणं मला आवडलं. पण गांडूळखताच्या टाकीजवळ आमिष जाऊ देऊ नका, एवढं नक्की सांगा कमिटीला.

प्रज्ञा_केर्न्स | १० ऑक्टोबर, पहाटे ५:२५

धीर सोडू नका. पॅसिफिकमध्ये जॉन्स्टन प्रवाळबेटावर २०१० साली येलो क्रेझी अँट सापडली. जमिनीवर घरटी करणाऱ्या समुद्रपक्ष्यांच्या डोळ्यांत आम्ल जायचं. स्वयंसेवकांच्या तुकड्या सहा-सहा महिने तंबूत राहून आमिष टाकत होत्या. मांजराचं खाणंही त्या आमिषात असायचं! २०२१ साली मुंगी संपल्याचं जाहीर झालं. हवाईतही मावी बेटावर वायहेला २००९ साली लिटल फायर अँट एका शेतापुरती होती तेव्हाच गाठली, आणि संपवली. लवकर सापडणं, हेच सगळं आहे.

मृदुला_नेरुळ | १५ ऑक्टोबर, रात्री ९:३०

तुमच्या सगळ्यांच्या पोस्ट छापून कमिटीपुढे ठेवल्या. वाद झाला. ‘पावडर दीडशे रुपयांत होतं’ असं एकांचं म्हणणं. जोशीकाकांची गोष्ट वाचून दाखवली तेव्हा गप्प झाले. शुक्रवारी संध्याकाळी आमिष टाकलं, आणि शनिवारी पहाटे पाऊस! सगळा लगदा. रडू आलं मला. काल पुन्हा टाकलं, आकाश कोरडं होतं. खाली बसून बघत होते. दहा मिनिटांत एक बारीक मुंगी दाणा घेऊन निघाली, तिच्यापेक्षा मोठा, मागे मागे ओढत. मग दोन, मग रांग. माझ्या जिवात जीव आला, आणि तिची थोडी दयाही आली, खोटं कशाला बोलू.

उद्याची कोजागिरी गच्चीवर.

सावंत_कळवा | १५ ऑक्टोबर, रात्री ९:५०

मसाला दूध झाकून ठेवा म्हणजे झालं. 🙂

अनघा_ऐरोली | १६ ऑक्टोबर, सकाळी ८:१५

ताई, सरांनी फोटो बघितले. जेमिनाटाच. आता दोन-तीन आठवडे काही करू नका, मग पुन्हा काड्या. आणि ज्या नर्सरीतून कुंड्या आल्या त्यांनाही सांगा, भांडायला नाही, त्यांच्याकडेही काड्या लावून बघायला. पुढची रोपं आली की आठवडाभर बागेपासून लांब, फरशीवर ठेवायची, बुडाशी काडी लावायची, मगच आत.

प्रथमेश_उरण | १६ ऑक्टोबर, सकाळी ९:००

म्हणजे सोसायटीचं स्वतःचं विलगीकरण. आमच्या बंदरासारखं.

केतकी_कोपरी | २५ ऑक्टोबर, दुपारी ४:१०

धागा वर काढतेय. दिवाळी आली. आमच्याकडे पोरं किल्ल्यासाठी माती शोधत फिरतायत. दरवर्षी बागेतून, बांधकामावरून, मैदानातून पोती भरून आणतात. हे वाचल्यापासून मला तेच दिसतंय: माती या इमारतीतून त्या इमारतीत. वर मावळ्यांच्या भोवती आळीव आणि मोहरी पेरायची, म्हणजे बिया खाणाऱ्या मुंगीला पंगतच. किल्ला बंद करायचा का? मन होत नाही.

मृदुला_नेरुळ | २७ ऑक्टोबर, रात्री ८:४५

केतकी, अजिबात बंद करू नकोस. आमच्याकडे काल हेच झालं.

आधी बागेचं सांगते. आज सकाळी पुन्हा बारा काड्या ठेवल्या. वाफ्यातल्या दोन्ही काड्यांपैकी एक कोरी, दुसरीवर सात मुंग्या. सात! मोजल्या. ढिगाच्या तोंडाशी नवी टरफलं नाहीत. संपल्या असं म्हणत नाही, वाफ्याभोवती दोरी अजून आहे आणि पंधरा दिवसांनी परत काड्या लावणार.

मुलांना यंदा राजगड करायचाय. बागेतली माती घ्यायची नाही म्हटल्यावर तोंडं उतरली. मग भोंडल्यात जिला मुंग्या लागल्या त्या माझ्या भाचीनेच तोड काढली. मागच्या इमारतीच्या कामावरून चार पोती माती मिळाली, ती पोती जिन्याखाली न नेता गेटबाहेर फरशीवर ओळीने ठेवली आणि प्रत्येकीत एक काडी खोचली. तिसरी-चौथीतली मुलं तासभर घड्याळ बघत उकिडवी बसली होती. तीन पोती कोरी. चौथ्यात काळे मुंगळे निघाले. त्यांच्यावरून बरीच चर्चा झाली, ‘हे इथलेच आहेत’ असं ठरलं, आणि पोतं उन्हात उपडं करून त्यांना जायला वाट दिली.

बालेकिल्ला उद्या बांधणार आहेत. दाण्याचं कूट संपलं, आणायला सांगितलंय.